मूल नको म्हणणारी अविवाहित मुलगी आणि डॉक्टरांचे नकार

गर्भनिरोधक गोळ्या मला चालणाऱ्या नव्हत्या. अर्धशिशी उठण्याआधी डोळ्यांसमोर चमकत्या नागमोडी रेघा यायच्या, आणि अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या देत नाहीत, पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून. तांबी बसवून पाहिली, तर पाळीत इतका रक्तस्राव व्हायला लागला की ती काढून घेतली. मूल नको हे तर कधीचंच पक्कं होतं. सत्ताविसाव्या वर्षी ठरवलं, कायमची शस्त्रक्रिया, म्हणजे नसबंदी, करून मोकळं व्हायचं.

पहिल्या डॉक्टरांनी केसपेपरवर वय पाहिलं आणि पेनाला टोपण लावलं. "लग्न झालंय? नाही? मग आत्ताच कशाला हा विषय? तीस झाल्यावर ये, बाळा." दुसरीकडे, "एक होऊ दे, मग बघू." आणखी एका ठिकाणी, "उद्या लग्न केलंस आणि नवऱ्याला मूल हवं असलं तर?" म्हणजे जो माणूस अजून माझ्या आयुष्यात उगवलेलाच नाही, त्याचं मत माझ्या केसपेपरवर आधीच नोंदलेलं! बाहेर आल्यावर मला हसूही आलं आणि रडूही.

यातल्या एकानेही मला मूल का नको, हे विचारलं नाही. मी जिथे जिथे नकार ऐकला, तिथली भेट चहा निवायच्या आत संपलेली असायची.

नकारामागे काय असतं ते समजून घ्यावं म्हणून मी वाचायला बसले. डॉक्टर ज्या पश्चात्तापाची भीती घालतात, ती हवेतली नाही, हे आधी मान्य करते. अमेरिकेत १९७८ ते १९८७ या काळात नसबंदी करून घेतलेल्या दहा हजारांहून अधिक स्त्रियांचा मोठा पाठपुरावा झाला होता. शस्त्रक्रियेच्या वेळी तीस किंवा त्याहून कमी वय असलेल्यांपैकी सुमारे २० टक्के जणींनी चौदा वर्षांच्या आत कधीतरी पश्चात्ताप बोलून दाखवला. तिशीपुढच्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास होतं. हा आकडा मला कुठल्याच दवाखान्यात कुणी सांगितला नाही, माझा मीच शोधला. मात्र त्याच अभ्यासात, ज्यांना आधी एकही मूल नव्हतं त्यांच्यात पश्चात्ताप कमी दिसला होता. 'एक होऊ दे, मग बघू' म्हणणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या वैद्यकीय निकषांत कमी वय हे 'सावधगिरी'च्या गटात येतं. म्हणजे समुपदेशन नीट करा, ही पद्धत कायमची आहे हे सांगा, पर्याय समजावा. शस्त्रक्रिया करू नका असं त्यात नाही. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये याहून स्पष्ट लिहिलं: मूल नको असलेल्या तरुण, निपुत्रिक स्त्रीची मागणी पूर्ण करणं नैतिकदृष्ट्या गैर नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवायचं कारण नाही. काही देशांत कायद्यानेच वयाची अट असते, स्वीडनमध्ये पंचवीस. फ्रान्समध्ये सज्ञान व्यक्तीला मागणीनंतर चार महिने थांबावं लागतं. अशी अट असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून पुढच्या भेटीपासून मी सरळ विचारायला लागले, "हा नियम आहे, वैद्यकीय अडचण आहे, की तुमचं मत?"

या प्रश्नाने एक-दोघे चिडले. एक वयस्कर डॉक्टर मात्र थोडं थांबून म्हणाले, "मत. माझा हात धजणार नाही." आणि त्यांनीच कागदावर दुसऱ्या डॉक्टरबाईंचं नाव लिहून दिलं. मला हा नकार आजही सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

या बाईंनी मला अक्षरशः पिंजून काढलं. कुणाचा दबाव आहे का? आत्ता ज्याच्यासोबत आहेस तो गेला आणि पस्तिशीत दुसरा कुणी आला, ज्याला मूल हवंय, तर? हार्मोनवाली तांबी किंवा दंडात बसवायची कांडी का नको? पुरुष नसबंदी याहून सोपी, जागेवरच भूल देऊन होते, त्याचा विचार केलास का? मी म्हटलं, "केला. पण मूल मला नकोय, मग तो कुणीही असो." त्यांनी ते फाइलमध्ये माझ्याच शब्दांत उतरवून घेतलं.

मग पॅडवर गर्भाशयाचं चित्र काढून समजावलं. बीजाशयाकडून गर्भाशयात बीज आणणाऱ्या नळ्या नुसत्या बांधल्या किंवा क्लिप लावल्या तरी क्वचित गर्भ राहतो. त्याच अमेरिकी पाहणीत, जुन्या पद्धतींनी, दहा वर्षांत हजारी अठरा-एकोणीस. पूर्ण काढल्या तर ती शक्यता अगदीच नगण्य, शिवाय बीजाशयाच्या गंभीर कर्करोगांपैकी बरेचसे नळीच्या टोकाशी सुरू होतात, तोही धोका घटतो. बीजाशयं जागेवर राहणार, त्यामुळे पाळी आणि हार्मोन जसेच्या तसे. "पुढे आयव्हीएफ, म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून आत सोडणं, करता येईल, पण ते मनात ठेवून सही करणार असशील तर करू नकोस," म्हणाल्या, आणि महिन्याभराने ये म्हणून घरी पाठवलं. त्या महिन्यात आईशी बोलले. तिला पटलं नाही, पण सोबतीला आली.

शस्त्रक्रियेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सकाळी गर्भ नसल्याची तपासणी, पूर्ण भूल, दुर्बिणीसाठी पोटावर तीन छोटी छिद्रं. पोटापेक्षा खांदाच जास्त दुखला! पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे श्वासपटल चिडतं आणि दुखणं खांद्याशी जाणवतं. हे आधी माहीत नसतं तर मी घाबरले असते. नर्सने चालायला लावलं, दोन-तीन दिवसांत उतरलं.

काढलेल्या नळ्या तपासायला गेल्या होत्या. दोन्ही टोकांसकट पूर्ण निघाल्याचा अहवाल आला. त्याची प्रत आणि डिस्चार्ज कार्ड एकत्र जपून ठेवलंय, पुढे कुठल्याही डॉक्टरला दाखवता यावं म्हणून. निरोध मात्र बंद केलेला नाही, कारण लैंगिक संसर्गांवर या शस्त्रक्रियेचा काहीच उपयोग नाही. तपासणीला मी आता त्याच बाईंकडे जाते. मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, अशाच मागणीसाठी येणाऱ्या एका मुलीशी बोलशील का? मी हो म्हटलं, फक्त तिचा निर्णय मी घेणार नाही, एवढी अट घातली.