घड्याळ आधी बंद पडू द्या

चाबीचं घड्याळ सेकंदावर कसं लावायचं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एसटीची वाट पाहताना कोणीतरी हमखास माझ्या मनगटाशेजारी आपला मोबाईल धरतं, "गुरुजी, हे चाबीचं घड्याय सेकंदानं कसं काय जुयते जी?"

माझं घड्याळ एचएमटी जनता. चाबी ओढली तरी याचा सेकंद काटा थांबत नाही, म्हणून लोक ते मिनिटावर लावून सोडून देतात. मी त्याला बंदच पडू देतो. शुक्रवारी सकाळी पूर्ण चाबी भरतो, शनिवारी भरत नाही. रविवारी ते थांबलेलं असतं. समजा सेकंद काटा 25 वर थांबला. आता चाबी ओढून दोन-तीन मिनिटं पुढची वेळ लावायची, मिनिट काटा दोन रेघांच्या मधे, अर्ध्याच्या जरा अलीकडे. काटे मागे फिरवले तर सेकंद काटाही कधीकधी सरकतो, तेव्हा तो पुन्हा पाहून घ्या. चाबी आत दाबा. लावलेल्या मिनिटाचा 25 वा सेकंद आला की पीळ द्यायला लागा. दोन-चार पिळांत चालू होतं. नाहीच झालं तर जरासा हलवा.

सेकंद मोबाईलच्या घड्याळावरून घ्या. ॲपवरच्या रेडिओचे ठोके नकोत, ते इंटरनेटवरून येईस्तोवर काही सेकंद मागे पडतात. आमच्या गावच्या सूर्यावर तर मुळीच जाऊ नका. भारतीय वेळ 82.5 अंश रेखांशाची आणि यवतमाळ 78 च्या जरा पुढे, त्यामुळे इथं सूर्य डोक्यावर यायला सरासरी सव्वाबारा होऊन जातात.

खरं सांगू? लावणं सोपं आहे, टिकणं अवघड. दिवसाचे 86,400 सेकंद. त्यात नऊ सेकंद चुकले तरी ती दहा हजारांत एकाची चूक. चाबीच्या घड्याळाकडून याहून जास्त मागणं म्हणजे हावरेपणा. चाबी रोज ठरल्या वेळी भरा. रात्री ते उताणं ठेवलं की उभं, यानंही चाल बदलते. उताणं ठेवून पुढे जात असेल तर उभं ठेवून पाहा.

रोज मिनिट-दोन मिनिटं पुढे पळत असेल तर मात्र हे सगळं राहू द्या. आतल्या केसासारख्या स्प्रिंगला बहुधा चुंबक लागलंय, वेटोळी एकमेकांना चिकटताहेत. स्पीकरजवळ ठेवलं की असं होतं. घड्याळजीकडे जा, चुंबक उतरवायला त्याला चहाइतकाही वेळ लागत नाही.