गुडघा, पाऊस आणि लोणावळा

सासूबाई म्हणतात वात खवळतो, मुलगा म्हणतो आई मनाचे खेळ आहेत, आणि माझा उजवा गुडघा मात्र जून लागला की ठणकायला लागतो तो लागतोच, सहा वर्षं झाली. भांडुप स्टेशनचा जिना उतरताना (चढताना एवढं नाही हं, उतरतानाच) अशी कळ जाते की रेलिंग धरून थांबावं लागतं आणि मागून लोक ओरडतात ओ ताई चला.

हवेचा दाब कमी झाला की सांध्याभोवतीचं सगळं जरासं फुगतं म्हणून दुखतं, असं बरेच जण सांगतात. मलाही पटलं होतं. पण मग लोणावळ्याचं काय? ते सव्वासहाशे मीटरच्या आसपास उंच, म्हणजे दाब इथल्यापेक्षा साधारण ७० मिलिबार कमी, मुंबईत कितीही आभाळ भरून आलं तरी एवढा उतरत नाही, आणि तिथे तर मी कांदाभजी खात मस्त फिरते!

मँचेस्टर विद्यापीठाचा २०१९ चा एक अभ्यास आहे, अडीच हजारांवर लोकांनी पंधरा महिने मोबाइलवर रोजचं दुखणं नोंदवलं. दमट हवा, वारा आणि कमी दाब असला की दुखणं वाढतं असं निघालं, नुसत्या पावसाचा मात्र संबंध दिसला नाही. आणि फरक तरी केवढा, तर एरवी शंभरातले पाच दिवस दुखत असेल तर अशा हवेत सहा. म्हणजे सासूबाई अगदीच चुकीच्या नाहीत, पण सगळं खापर आभाळावरही फोडता येत नाही.

म्हणून यंदा कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी गुडघ्याच्या फुल्या मारल्या. धो धो पावसाच्या दिवशी फुली नाहीच! दोन दिवस घरात बसून काढले की तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा लाकूड. संध्याकाळचं चालणं पावसाने बंद पडतं ना, सगळा घोळ तिथे. त्यात ऑफिसात एसी थेट पायावर.

फिजिओ बाई म्हणाल्या शेक घ्या पण चालणं सोडू नका. आता पाऊस असला की मजल्यावरच्या पॅसेजमध्ये वीस मिनिटं फेऱ्या मारते, आणि समोरच्या काकू रोज दार उघडून विचारतात, काय गं, किल्ली हरवली का परत?