बादलीतून आलेले पाहुणे

सहकारनगरमधल्या एका बंगल्यातलं माशांचं तळं माझ्याकडे देखभालीला आहे. पावसाळ्याच्या तोंडावर काकांचा फोन आला, "भोरकडे गावाला गेलो होतो, तिथल्या तळ्यातून झाडं आणलीत. येऊन लावून दे." मी पोचले तेव्हा बादली कठड्यावर होती आणि काका बाह्या सरसावून उभे होते.

"काका, आधी एक पांढरा टब द्या."

"अगं, पाण्यातलीच झाडं आहेत, पाण्यातच जायचीत!"

टबात साधं पाणी घेतलं आणि एकेक झाड त्यात हलवून काढलं. पांढऱ्या तळावर काहीही लपत नाही. लिलीच्या पानांमागे गोगलगायींच्या अंड्यांचे चिकट, पारदर्शक पुंजके. देठाला जळू. हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या झाडाच्या गुंत्यातून एक इवलासा मासा निघाला, आणि चिखलाच्या रंगाचा, सहा पायांचा एक किडा. तो चतुराचं पिल्लू होता. आम्ही बघत असतानाच त्याचा खालचा जबडा सपकन पुढे आला आणि मासा पकडला गेला. काकूंनी नातीला हाक मारली. काका खुर्ची ओढून टबाशेजारी बसले, ते काम संपेपर्यंत उठले नाहीत.

चतुराची मला फारशी काळजी नसते. तळं दिसलं की चतुर आपणहून येऊन अंडी घालतात, आणि तळ्यातल्या मोठ्या कोई माशांना ते पिल्लू काही करू शकत नाही. भीती असते ती टबातही न दिसणाऱ्यांची. माशाच्या अंगात रुतणारी नांगरकृमी आणि माशांच्या उवा यांची अंडी-पिल्लं रानातल्या पाण्याबरोबर, झाडांबरोबर येऊ शकतात. उवा तर अंडी पानांवर, दगडांवर चिकटवतात. या सगळ्यांना जगायला शेवटी मासा लागतो. म्हणून माझा भर औषधापेक्षा वाट बघण्यावर असतो. मासे नसलेल्या टबात झाडं महिना-दीड महिना ठेवली, की पुण्यातल्या उन्हाळी-पावसाळी तापमानात बहुतेक अंडी फुटतात आणि पिल्लं मासा न मिळाल्याने मरतात.

औषधाचं स्नान दिलं, पण मोजून. एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट एक लिटर पाण्यात विरघळवायचं आणि त्यातलं 10 मिलिलिटर दर लिटर पाण्याला घ्यायचं. दहा मिनिटं बुडवून स्वच्छ पाण्यात धुवायचं. अंदाजाने चिमूट टाकली तर कोवळी पानं जळतात. गोगलगायींची अंडी मात्र यानेही खात्रीने मरत नाहीत. ती पानं मी कापूनच टाकली.

काकूंनी विचारलं ते फार बरोबर होतं: "महिनाभर मासे नसलेलं पाणी दारात? डेंग्यूचे डास होतील की!" अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मग टबावर बारीक जाळीचं कापड घट्ट बांधलं, आणि दर आठवड्याला पाणी बदलून टब घासायचं ठरलं. ते काम नातीने अंगावर घेतलं. काढलेलं पाणी गटारात नाही, मोकळ्या मातीत ओतायचं.

बादलीच्या तळाशी एक छोटं रोप होतं, फुगीर देठांचं. जलपर्णी. "फुलं किती सुरेख जांभळी येतात," काकू म्हणाल्या. खरंच येतात, पण ते रोप मी ठेवू दिलं नाही. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती पोषक पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, आणि मुळा-मुठेवरचे तिचे हिरवे गालिचे पुणेकर दर उन्हाळ्यात पाहतात. हायड्रिला आपल्याकडचीच आहे, तरी तिच्या तुटलेल्या तुकड्यापासून नवं झाड होतं. दोन्ही गच्चीवर उन्हात पसरली. पूर्ण वाळल्यावरच ती खताच्या खड्ड्यात गेली.

राहिली फक्त लिली. निघताना मी तळ्याचा जादा पाण्याचा पाइप बघितला. तो पावसाळी गटारात उघडतो, गटार नाल्याला आणि नाला मुठेला मिळतो. जोराच्या पावसात तळं भरून वाहतं, तेव्हा आतलं सगळं त्या वाटेने जाऊ शकतं. काका प्लंबरला बोलवायला निघाले होते, पण जाळी आणि क्लिप माझ्या पिशवीतच होती. पाइपाच्या तोंडाला ती लगेच बसवली, आणि पालापाचोळा अडकून पाणी तुंबू नये म्हणून पावसाळाभर ती रोज सकाळी साफ करायचं काम काकांकडे दिलं.