बावीस

माजी विद्यार्थी, एस.एस.एल.सी. 1995

आमच्या घरी कोंबडी अंड्यांवर बसवली की आज्जी खुराड्याजवळच्या मातीच्या भिंतीवर रोज दिवेलागणीला चुन्याचा एक टिपका ठेवायची. एकवीस टिपके झाले की पिल्लं. तिला अक्षरओळख नव्हती, पण टिपका कधी चुकला नाही. 1993 च्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिनं आमची खुडूक झालेली, म्हणजे उबवायला बसू बघणारी, काळी कोंबडी बारा अंड्यांवर बसवली. टोपलीत भाताचं पिंजर, पिंजरात एक कोळसा आणि एक गंजका खिळा. मी तेव्हा आपल्या शाळेत आठवीत होतो.

नवव्या रात्री रानमांजर आलं. आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं, परसू संपलं की रानच लागतं. सकाळी खुराड्याचं फळकूट बाजूला पडलेलं, परसूभर काळी पिसं आणि एक अंडं फुटलेलं. उरलेली अकरा अंडी हाताला गार लागत होती. जानेवारीतली आपल्याकडची पहाट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको.

आज्जीनं एकेक अंडं उचलून मिटलेल्या डोळ्याच्या पापणीला लावलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. गल्लीत दुसरी खुडूक कोंबडी कुणाकडेच नव्हती. तिनं अंडी पदरात घेतली, चुलीवर कढईत भाताचा कोंडा गरम केला, फडक्यात बांधून अंड्यांभोवती लावला आणि मला म्हणाली, "तुमच्या मास्तरास्नी इचारून ये जा. पुस्तकात काय असंल तर."

रविवार होता. आपले विज्ञानाचे सर गावातच भाड्यानं राहायचे, दारात कपडे धूत होते. मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "कोंबडी दाणे खायला रोज उठते की नाही?" मी म्हटलं, उठते. "मग तेवढा वेळ अंडी उघडीच पडतात. थोड्या गारव्यानं सगळी मरत नाहीत. चल." बादली तशीच सोडून ते निघाले. वाटेत शाळा उघडून त्यांनी प्रयोगशाळेतला थर्मामीटर घेतला. आपल्याकडे तो एकच होता.

आमच्या माळ्यावर आंब्याची एक रिकामी पेटी होती. सरांनी तिला आतून पोत्याचा तुकडा आणि 'तरुण भारत'चे जुने अंक लावले, एका बाजूला चाळीस वॅटचा बल्ब सोडला, खाली पाण्याची वाटी ठेवली, वर फळी आणि फळीला चार भोकं. बल्ब किती उंच टांगायचा यात दुपार गेली. साडेसदतीस अंश हवे होते. बल्ब वीतभर खाली आला की चाळीस, वर नेला की पस्तीस. मी आज बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, काम करतो. ओतायच्या वेळी लोखंड तेराशे-चौदाशे अंशांवर असतं आणि तिथं दहा अंश इकडंतिकडं झाले तरी माल निघतो. त्या पेटीत एका अंशासाठी आम्ही तिघं श्वास धरून बसलो होतो. तापमान या शब्दाचा अर्थ मला त्या दुपारी कळला.

अंडी फिरवायची ठरली तेव्हा सरांनी पेन्सिलीनं प्रत्येक अंड्याच्या एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढला. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो, म्हणून दिवसातून पाच वेळा फिरवायचं. पाचच का, चार का नाहीत? विषम वेळा फिरवलं की रात्री वर राहणारी बाजू रोज बदलते. आज्जी कौतुकानं ऐकत होती. म्हणाली, "कोंबडी चोचीनं हेच करती की मास्तर. रातचं पण करती. आवाज येतो खुट् खुट्." सरांनी खिशातून डायरी काढली आणि हे लिहून घेतलं. माझ्या आज्जीचं बोलणं कुणी लिहून घेताना मी पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आज्जीला शाळेत बोलावलं. ती लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन, कोंड्याच्या टोपलीत अकरा अंडी घेऊन प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली, आत येईना. सर स्वतः दारात गेले, "या आज्जी, आजचा तास तुमचा." सगळा वर्ग उठून उभा राहिला. खिडक्या लावल्या. सरांनी पुठ्ठ्याची नळी करून बॅटरीवर बसवली आणि एकेक अंडं त्यावर धरलं. पहिलं अंडं नुसतं पिवळसर उजळलं, आत काहीच नाही. "वांझ," आज्जी म्हणाली. "निषेचन झालेलं नाही," सर म्हणाले. तिसऱ्या अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसलं, मधे एक काळा ठिपका, आणि तो ठिपका हलला. चाळीस पोरांचा वर्ग एकदम गप्प झाला. तो डोळा होता. "जीव धरलाय," आज्जी म्हणाली. सरांनी फळ्यावर एका बाजूला आज्जीचे शब्द लिहिले, दुसऱ्या बाजूला पुस्तकातले. वांझ, निषेचन न झालेले. जीव धरलेलं, गर्भ. पोकळी, वायुकोष. परीक्षेत कुठला लिहायचा असं एकानं विचारलं. "दोन्ही येऊ देत," सर म्हणाले.

आपण सीमाभागातली मुलं. घरात एक मराठी, पुस्तकात दुसरी, बाजारात आणि ऑफिसात कानडी. आपली भाषा टिकवायची, हे मी लहानपणापासून सभांत ऐकत आलो होतो. त्या दिवशी फळ्यावर आज्जीचा शब्द पुस्तकातल्या शब्दाशेजारी बसलेला बघितला, तेव्हा ती भाषा माझ्या घरातली आहे हे मला पटलं. आज्जी नंतर कितीतरी दिवस गल्लीत सांगत होती, "मी हायस्कूलात जाऊन आलो."

अकरांपैकी चार वांझ निघाली. तिघांत लाल कडं दिसलं, म्हणजे गर्भ वाढून मेलेला. चार जिवंत होती.

पंधराव्या रात्री लाईट गेली. मी रात्री उठून पेटी बघायला शिकलो होतो म्हणूनच कळलं. थर्मामीटर तीस दाखवत होता. आज्जीनं चूल पेटवली, पुन्हा कढई, पुन्हा कोंडा. अंधारात थर्मामीटर सारखा सारखा वाचता येईना, तेव्हा तिनं अंडं पापणीला लावायला मला शिकवलं. "ऊब लागली पायजे, चटका नको." पहाटे कंदील धरून बघितलं तर पारा सदतीस आणि अडतीसच्या मधे होता. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, पापणीचं कातडं पातळ असतं, म्हणून तिला फरक कळतो. आज्जीच्या आईनं आज्जीला शिकवलं होतं, एवढंच आज्जीला माहीत होतं.

एकोणिसाव्या दिवशी आज्जीनं परातीत कोमट पाणी घेऊन चारही अंडी अलगद सोडली. तीन डोलली. आतलं पिल्लू हललं की अंडं डोलतं. चौथं तरंगत स्थिर राहिलं, ते तिनं शेवग्याच्या बुडाशी पुरलं. मग फिरवणं बंद केलं, पेटीत ओलं फडकं टांगलं. शेवटच्या तीन दिवसांत हवा ओली लागते, नाहीतर आतला पापुद्रा वाळून पिल्लाभोवती आवळतो.

एकवीस टिपके झाले, काहीच झालं नाही. मधल्या गारव्यानं दिवस लांबला होता. पण त्या रात्री अंडं कानाला लावलं तर आतून चिवचिव ऐकू आली. फुटायच्या आधी अंडं बोलतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

बाविसाव्या दिवशी, शनिवारी पहाटे, एका अंड्याला मोहरीएवढी टीच गेलेली. शनिवारची सकाळची शाळा, माझं लक्ष कशात असणार? सरांनी पहिल्या तासानंतर सोडलं. दुपारपर्यंत नुसतं भोक तेवढंच होतं, पिल्लू आत दम खात होतं. तीनच्या सुमाराला ते कवचात गोल फिरत कापू लागलं. चोचीच्या टोकावर खडीसाखरेच्या कणासारखा एक दात असतो, त्यानं. चार वाजता टोपी उघडावी तसं कवच उघडलं आणि ओलं, मान न सावरणारं, हाडाचं गाठोडं बाहेर पडलं. संध्याकाळी ते वाळून फुललं आणि पिवळं-तपकिरी गोळा झालं. सर बेळगावहून पाव किलो कुंदा घेऊन आले.

त्याच रात्री माझ्या हातून एक चूक झाली, ती इथं लिहायलाच हवी. दुसऱ्या अंड्यालाही टीच गेली होती आणि आतलं पिल्लू थकलेलं वाटत होतं. सरांनी बजावलं होतं, मदत करू नकोस. आज्जीनंही सांगितलं होतं. सगळे झोपल्यावर मी नखानं कवच सोलायला लागलो. दुसऱ्या तुकड्याबरोबर रक्त आलं. पापुद्र्यातल्या शिरा अजून आटलेल्या नव्हत्या, पोटाखालचा बलक अजून आत ओढला गेलेला नव्हता. पिल्लू माझ्या तळहातावर मेलं. त्याला अजून वेळ हवा होता आणि तो मी दिला नाही. तिसरं अंडं फुटलंच नाही. सोमवारी सरांना हे सांगताना मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. ते रागावले नाहीत. "रक्त कुठून आलं ते नीट सांग," म्हणाले, आणि फळ्यावर त्या शिरांची आकृती काढली. तो धडा मी अजून तोंडपाठ म्हणू शकतो.

उरलं ते एकटं. बाविसाव्या दिवशी आलं म्हणून त्याचं नाव बावीस. दोन दिवस त्याला काही भरवावं लागलं नाही, ओढून घेतलेला बलक त्याची शिदोरी असतो. मग चोच पाण्यात बुडवून पाणी शिकवलं, कण्यांवर बोटानं टकटक करून दाणे शिकवले. पण एकटं पिल्लू ओरडून जीव काढतं. आज्जीनं आपला कुंकवाचा आरसा पेटीत उभा केला, त्याच्याशेजारी बावीस गप्प झोपलं. बल्ब आता वेगळ्या हिशेबानं. पिल्लू बल्बखाली अंग चोरून बसलं तर थंडी, कोपऱ्यात चोच उघडून बसलं तर उकाडा, मोकळं हिंडलं तर बरोबर. दर आठवड्याला बल्ब थोडा वर.

पंधरा दिवसांत ते माझ्या पायांमागे घरभर फिरू लागलं. पोरं शाळेत ऐकून हसली, तेव्हा सरांनी कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. अंड्यातून निघालेली हंसाची पिल्लं त्यांनाच आई समजून मागे चालायची, आणि प्राण्यांच्या वागण्याच्या अभ्यासासाठी 1973 चं नोबेल त्यांना मिळालं. बावीसला खायला म्हणून मी वाळवीची मडकी लावायचो. मडक्यात शेण आणि वाळकं गवत भरायचं, ओलं करायचं, रात्री जमिनीवर पालथं घालायचं, सकाळी वाळवीनं भरलेलं मिळतं. बावीस मडक्यात अर्धं घुसून खायचं. शेजारची कानडी मावशी कुंपणावरून हाक मारायची, "निन्न कोळी मरी एल्लि?" म्हणजे तुझं कोंबडीचं पिल्लू कुठाय, आणि तिच्याकडची नाचणी त्याच्यासमोर टाकायची.

मानमोडीची लस हा एक मोठा प्रश्न होता. पुस्तकी नाव राणीखेत. लसीची बाटली शंभर मात्रांची, एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, एका पिल्लासाठी कोण फोडणार? मी आणि आज्जी घरोघर फिरलो. सरांनी थर्मासात बर्फ घालून खानापूरहून बाटली आणली. सकाळी आमच्या अंगणात टोपल्या, डालगी, पदरात धरलेली पिल्लं, सगळी गल्ली. सर डोळ्यात एकेक थेंब टाकत होते, मी मोजत होतो. पुढची लस आठ आठवड्यांनी, तेव्हाही तसंच. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या गावांत मान वाकडी होऊन कोंबड्या पडल्या, आमच्या गल्लीतल्या उभ्या राहिल्या.

बावीस तलंग निघाली. श्रावणात तिनं पहिलं अंडं घातलं, तेही आंब्याच्या त्याच पेटीत जाऊन. त्याच सुमाराला काही जणांनी गिरिराजची पिल्लं आणली होती, बेंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली जात. अंगानं जोरकस, पण आमच्या गल्लीत त्यातली एकही खुडूक बसली नाही. बावीसबद्दल आज्जीलाही शंका होती. जिनं आईच बघितली नाही, जी बल्बखाली निघाली, ती अंडी काय उबवणार?

दिवाळी झाल्यावर एके सकाळी बावीस पेटीतून उठेना. पिसं फुलवून, डोळे एका जागी लावून बसली होती. हात घातला तर चोच मारली, तीही मला, तिच्या मागे मागे वाळवी घेऊन धावलेल्याला. आज्जीनं नऊ अंडी खाली सरकवली. त्या रात्री मी पेटीशेजारीच पथारी टाकली. मध्यरात्री कधीतरी आवाज आला, खुट् खुट्. कंदिलाची वात वर केली. बावीस अर्धी उठली होती, चोचीची आतली बाजू अंड्यावर ठेवून एकेक अंडं आपल्याकडे ओढून फिरवत होती. माझी फुली नाही, गोल नाही. कडेचं अंडं मधे घेतलं, मधलं कडेला लोटलं आणि पुन्हा पसरून बसली.

सकाळी शाळा भरायच्या आधी मी सरांच्या दारात होतो. ते आले, पेटीसमोर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. आज्जीनं आतून चुन्याची डबी आणली. "मास्तर," ती म्हणाली, "कालचा टिपका ऱ्हायलाय. पैला तुमच्या हातनं." सरांनी बोट चुन्यात बुडवलं आणि भिंतीवर, जुन्या टिपक्यांच्या खाली, नवीन ओळ सुरू केली.