तुमच्या मुलाची बुद्धिमत्ता कोणती, ते मी का सांगत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पालकसभेत, प्रशिक्षणात, आमच्या खानापूरच्या (कर्नाटकातला बेळगाव जिल्हा) बसस्टँडवरसुद्धा हा प्रश्न मला गाठतो. "बाई, तुम्ही ते बहुविध बुद्धिमत्तेनं शिकवता म्हणे. मग आमच्या पोराची कुठली, तेवढं सांगा की." नवे शिक्षक जरा वेगळं विचारतात: आठ बुद्धिमत्तांचे आठ गट पाडून तुम्ही वर्ग का घेत नाही? दोघांनाही मी नकार देते आणि दोघांनाही वाटतं, मी हातचं राखून बोलते आहे.

काहीही राखलेलं नाही. मला ते सांगता येत नाही, आणि जो कुणी छातीठोकपणे सांगतो त्यालाही येत नाही.

आठ नावं तुम्हाला पाठ आहेत: भाषा, तर्क-गणित, अवकाश, संगीत, शरीर, दुसऱ्याला ओळखणं, स्वतःला ओळखणं आणि निसर्ग. त्यामागचा विचार मात्र प्रशिक्षणात घाईघाईत उरकला जातो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये सात बुद्धिमत्ता मांडल्या. निसर्गविषयक आठवी नंतर, १९९०च्या दशकात जोडली. मेंदूला इजा होऊन वाचा जाते पण सूर शाबूत राहतो, अशी माणसं असतात. बुद्धी एका आकड्यात मावत नाही, या विचाराला त्यातून बळ मिळालं. पण या सगळ्या बुद्धिमत्ता कमीअधिक प्रमाणात प्रत्येकात असतात आणि त्या एकमेकींच्या जोडीनं काम करतात, हेही त्याच मांडणीत आहे. बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याची शैली (कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, असं म्हणतात ती) नव्हे, हेही गार्डनर यांनी स्वतः स्पष्ट केलेलं आहे.

माझ्या वर्गात याचं काय होतं, ते एका तासावरून सांगते. आमच्या तालुक्यात कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेकडे जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते. म्हादईचा उगमही याच तालुक्यातला, पण ती पश्चिमेला गोव्यात उतरते, मांडवी होते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. जवळजवळच्या डोंगरांतून निघालेल्या दोन नद्या उलट्या दिशांना का गेल्या? पुस्तक उघडायच्या आधी हा प्रश्न मी फळ्यावर लिहिते. पोरं अंगणात मातीचा डोंगर रचतात, माथ्यावर तांब्यानं पाणी ओततात, धार कुठं फुटते ते बोटानं दाखवतात. कुणी दोरी लावून दोन्हीकडचा उतार मोजतं. कुणी आजीकडून ऐकलेली नदीची गोष्ट सांगतं. जंगलालगतच्या वाडीतलं पोरगं कुठला ओहोळ कधी आटतो ते महिन्यानिशी सांगतं. मग सगळी आत येतात, नकाशा काढतात आणि आपापल्या शब्दांत उत्तर लिहितात. सगळी म्हणजे सगळी. ज्यानं डोंगर रचला त्याला लिहिण्यातून सुटका नाही, आणि जिचं अक्षर मोत्यासारखं तिलाही मातीत हात घालावाच लागतो. धड्यात शिरायच्या वाटा अनेक ठेवायच्या आणि प्रत्येक मुलाला सगळ्या वाटांनी फिरवून आणायचं, एवढंच मी करते.

गटांचं म्हणाल, तर नलि-कलि, म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांची हसत-खेळत शिकण्याची पद्धत, आपल्या घरचंच आहे. १९९५ मध्ये मैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात सुरू झालं आणि पुढं राज्यभर आलं. तिथंही गट असतात, पण मूल शिडीच्या कुठल्या पायरीवर आहे त्यावरून. पायरी चढलं की गट बदलतो. 'शारीरिक बुद्धीच्या' गटात घातलेलं मूल कुठली पायरी चढल्यावर बाहेर येणार, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आता ती गोष्ट, जिच्यामुळं मी या प्रश्नावर आवाज चढवते.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. वडील गवंडीकामाला जायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात. एका सोमवारी ती वाचनाच्या तासाला उठेचना. नाव घेतलं तरी खाली मान. आदल्या आठवड्यापर्यंत हात वर करून करून भंडावून सोडणारी पोर. मधल्या सुट्टीत जवळ घेऊन विचारलं तर म्हणाली, "बाई, माझी भाषा कमी हाय."

"कुणी सांगितलं गं?"

"रिपोर्टात आलंय."

दुसऱ्या दिवशी वडील रिपोर्ट घेऊन आले. शहरातल्या कुठल्याशा केंद्रात दहाही बोटांचे ठसे घेऊन काढलेला. गुळगुळीत कागद, रंगीत वर्तुळं, प्रत्येक बुद्धिमत्तेपुढं टक्के, तेही दशांश चिन्हासकट. भाषा सगळ्यात खाली, निसर्ग आणि शरीर सगळ्यात वर. त्यासाठी त्यांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. पोरीचं भलं व्हावं म्हणूनच घेतली होती, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. ते म्हणाले, तिला वाचायला, कविता पाठ करायला लावू नका, उगाच डोक्याला ताप. सातवी झाली की बघू, खेळात घालता आलं तर घालू, नाहीतर घरी राहील.

मी सांगितलं, बोटांच्या रेषांवरून बुद्धी मोजता येते याला शास्त्राचा आधार नाही. ते शांतपणे म्हणाले, "असं कसं बाई? हेच्यातली नावं तुमच्याच वर्गात भिंतीवर लावलीत की. तेच हाय न्हवं हे?"

तक्ता होता. मीच लावला होता, हौसेनं, रंगवून. त्यावर लिहिलेलं काही खोटं नव्हतं, आजही मी तेच म्हणेन. पण त्या क्षणी माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझा तक्ता आणि त्यांचा रिपोर्ट, शब्द तेच होते, आणि त्यांच्या कागदावर टक्के छापलेले होते.

ही तीच पोर, जिला काही दिवसांपूर्वी मी खानापूरच्या बसमध्ये पाहिलं होतं. कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट, म्हणून कंडक्टर कन्नडमध्ये आजीला आधार कार्ड मागत होता, कुठं उतरणार विचारत होता. आजीला एक अक्षर कळेना. पोरीनं त्याला कन्नडमध्ये सांगितलं, दवाखान्याला चाललोय, डोळं दाखवायचंय, स्टँडच्या आधी थांबवा, हिला चालवत नाही. मग आजीकडं वळून मराठीत, "कार्ड दे गं, तिकीट शून्याचं हाय, पैसं ठेव." घरात एक मराठी, पुस्तकात दुसरी, बसमध्ये कन्नड, शाळेत वर इंग्रजी. सीमाभागातलं आपलं कुठलंही पोर एवढं ओझं रोज उचलतं. चार ठिकाणी चार तऱ्हांनी बोलणाऱ्या त्या पोरीची भाषा कमी? कुठल्या भाषेत मोजली?

हे सगळं मी वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं असं काही म्हणाले नाहीत. रिपोर्टाची घडी घालून खिशात ठेवली. मी तिला वाचायला लावत राहिले. ती वाचू लागली, पण हळू, आणि आधी माझ्याकडं बघून. सातवीनंतर हायस्कुलात गेली, घरी बसली नाही. तो कागद तिनं मनातून काढून टाकला का, ते मला ठाऊक नाही.

तुमच्यातल्या काहींचा पुढचा प्रश्न असतो: मग हा सिद्धांतच सोडून का देत नाही? मानसशास्त्रात त्यावर आक्षेप आहेत हे मलाही माहीत आहे. एका चाचणीत चांगले गुण मिळवणारे बहुधा दुसरीतही मिळवतात, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्येच दाखवलं होतं. म्हणून आठ वेगळ्या, स्वतंत्र बुद्धिमत्ता अनेक संशोधक मानत नाहीत. मुलाच्या 'शैली'प्रमाणं शिकवलं की ते जास्त शिकतं, या समजुतीचा २००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी आढावा घेतला, आणि पुरेसा पुरावा सापडला नाही.

तरी मी सोडत नाही. पूर्वी प्रत्येक पालकसभेत मी म्हणायची, "प्रत्येक मूल कशात तरी हुशार असतं." माझ्यातल्या त्या जुन्या बाईशी माझं आजही भांडण आहे. ती म्हणते, या वाक्यानं शाळा सोडलेली पोरं परत आणली, मार खाणाऱ्या पोरांचा मार थांबवला. खरं आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय. मी तिला म्हणते, याच वाक्याचं शेपूट धरून बाप म्हणतो, मग वाचण्यात ती हुशार नाही, तर कशाला वाचायचं? तेही खरं आहे. आमच्या दोघींचं अजून मिटलेलं नाही.

तक्ता मी काढलेला नाही. त्याच्याखाली आता नद्यांचा धडा लावलाय, कुठल्या पोरानं कुठल्या वाटेनं उत्तर शोधलं ते त्यांच्याच अक्षरात. तुमच्या मुलाबद्दल बोलायचं असेल तर त्याची वही घेऊन या, शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी असते. रिपोर्ट आणलात तरी हरकत नाही, पण आधी वही बघू.