शिरोलीच्या स्टॉक ऑडिटपासून प्रायव्हेट क्रेडिटपर्यंत

पुण्यातल्या ऑफिसात रुजू होऊन दीड वर्ष झालं. परदेशी आयुर्विमा कंपनी, तिची प्रायव्हेट क्रेडिट टीम. कोल्हापूरला घरी गेले की शेजारच्या काकू अजून विचारतात, "म्हणजे तू पॉलिसी काढतीस का गं?"

तसं नाही. पॉलिसीच्या हप्त्यांतून जमलेला पैसा कंपनीला गुंतवावा लागतो. त्यातला काही पैसा रोखे बाजारात न जाता थेट एखाद्या उद्योगाला कर्ज म्हणून जातो, अटी दोघांनी बसून ठरवायच्या. बँकेकडे ठेवी थोड्या मुदतीच्या असतात. विमा कंपनीला पेन्शन वीस-तीस वर्षं द्यायची असते, म्हणून लांब मुदतीचं कर्ज तिला सोयीचं पडतं. हे कर्ज मध्येच सहज विकता येत नाही, त्यामुळे व्याज थोडं जास्त मिळतं. पण याचाच अर्थ असा की सगळी पारख पैसे देण्याआधीच करावी लागते.

ही पारख मी शिकले ती कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत.

लक्ष्मीपुरीतल्या एका फर्ममध्ये माझी आर्टिकलशिप, म्हणजे सीएची उमेदवारी, झाली. बँकांची स्टॉक ऑडिटं यायची, म्हणजे कर्जदाराचा माल आणि येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) कागदावर आहेत तशी खरंच आहेत का ते बघायचं. सर मला पाठवायचे. मे महिन्यात एका फौंड्रीत गेले होते. मोल्डिंगची काळी वाळू चपलेत जात होती, अंगणात पिग आयर्न आणि स्क्रॅपचे ढीग. स्टॉक स्टेटमेंटमध्ये तयार कास्टिंग ४० टन दाखवलं होतं. मागच्या भिंतीशी रचलेल्या मालावर खडूनं फुल्या दिसल्या. सुपरवायझरना विचारलं. ते म्हणाले, "ती रिजेक्शनची हायती मॅडम, परत भट्टीत जाणार." म्हणजे किंमत स्क्रॅपची, कागदावर मात्र तयार माल. साठा आणि ९० दिवसांच्या आतली येणी, त्यातून देणी आणि मार्जिन वजा, असा ड्रॉइंग पॉवरचा, म्हणजे बँकेकडून किती उचल घेता येईल त्याचा, हिशोब मी परत मांडला. आकडा बराच खाली आला. सर एवढंच म्हणाले, "कागद नंतर. आधी माल बघ, मग येणी बघ, मग मालकाशी बोल."

सीए फायनलचा दुसरा ग्रुप दोनदा राहिला. ते दिवस वाईट गेले. राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत बसून सीएफए या गुंतवणूक विश्लेषणाच्या परीक्षेची पहिली पातळी दिली, ती निघाली. मग या नोकरीच्या अर्जात मी केलेली अकरा स्टॉक ऑडिटं एकेका ओळीत लिहिली, कुठला उद्योग आणि काय सापडलं. सीए पूर्ण नसताना मला बोलावलं ते त्या ओळींमुळेच, असं मला वाटतं.

आधी एक्सेलची परीक्षा झाली. मग केस: पॅकेजिंग बनवणारी कंपनी, १२ वर्षांचं कर्ज, दोन तास. मी येण्यांचं वय काढलं, म्हणजे कुणाकडचे पैसे किती दिवस थकलेत ते. निम्म्याहून जास्त येणी एकाच ग्राहकाकडे होती. शेवटच्या मुलाखतीत अमेरिकेतल्या मॅनेजरनी विचारलं, कर्ज द्याल का? मी म्हटलं, देईन, पण तो ग्राहक सुटला तरी व्याज भागेल एवढ्याच रकमेचं, आणि नफ्याच्या मानानं कर्ज किती वाढू द्यायचं त्याची मर्यादा करारात घालून. त्यावर अर्धा तास बोलणं झालं.

कामावर आल्यावर पहिली चूक लवकरच झाली. कर्ज मागणाऱ्या कंपनीनं दिलेला 'ॲडजस्टेड' नफा मी तसाच उचलला. त्यात अजून न झालेली बचतही मिळवलेली होती. सीनियर ताईंनी शेजारी बसवून एकेक रक्कम काढायला लावली. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या अशा गुंतवणुकीला एनएआयसीच्या (तिथल्या विमा नियामकांच्या संघटनेच्या) १ ते ६ श्रेणी असतात. पहिल्या दोन भक्कम, त्याखाली गेलं की विमा कंपनीला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. नफा फुगवून धरला तर कर्ज उगाच भक्कम दिसतं. ती संध्याकाळ मला आर्टिकलशिपसारखीच वाटली. खडूच्या फुल्या इथंही असतात, फक्त तळटिपेत.

मी लिहिलेल्या टिपणावर पहिलं कर्ज मंजूर झालं तेव्हा आधी सरांना फोन केला. त्यांनी विचारलं, "येणी बघितलीस?" दर तिमाहीला त्या कर्जदार कंपनीचं, करारातल्या अटी पाळल्याचं प्रमाणपत्र येतं, तेव्हा पहिल्यांदा येण्यांचंच पान उघडते.