बांधावरच्या झाडांची कार्बन नोंदणी : माझा अनुभव

आमचं रान आष्टी तालुक्यात, बालाघाटच्या उतरणीला. मुरमाड जमीन, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. खरिपात बाजरी, तूर, उडीद. रब्बी साधली तर ज्वारी. झाडं लावा, ती हवेतला कार्बन धरून ठेवतील आणि त्याचे पैसे तुम्हाला मिळतील, असं सांगत एका संस्थेची माणसं गावात आली तेव्हा पारावर चेष्टा झाली. "आता हवा पण विकायची का?" मला मात्र हा हिशेब नेमका कसा घालतात ते बघायचं होतं, म्हणून नाव दिलं.

सातबारा, आठ-अ, आधार, पासबुक हे कागद पटकन झाले. अडलं ते सामाईक खात्यावर. वडील गेल्यावर वारसनोंदीत दोन्ही बहिणींची नावं लागलेली, आणि करार कित्येक वर्षांचा, म्हणून सगळ्यांचं संमतीपत्र हवं. धाकटीनं फोनवर आधी हेच विचारलं, "दादा, जमीन त्यांच्या नावावर तर होत नाही ना?" जमीन, फळ, लाकूड आपलंच राहतं, फक्त कार्बनचा हक्क त्यांच्याकडे जातो, हे कलम तिला अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. मग सही झाली. पुढे मोबाईल हातात धरून शेताच्या कडेनं चाललो, नकाशावर हद्द उमटली. गेल्या दहा वर्षांत तिथं जंगल तोडलेलं नाही ना, हे उपग्रहाच्या जुन्या चित्रांवरून बघतात. हे बरंच आहे. नाहीतर आधी तोडायचं आणि मग लावून पैसे मागायचे, असं करणारे कमी नाहीत.

खरी वाटाघाट बांधावर झाली. शेजारचे तात्या म्हणाले, "सावलीनं माझ्या पिकाच्या दोन ओळी जातील." बांध पूर्व-पश्चिम, त्यांचं रान दक्षिणेला. वर्षातला बहुतेक काळ सावली उत्तरेला, म्हणजे माझ्याच पिकावर पडणार, हे त्यांना काठी रोवून दाखवलं. "आणि मुळ्यांचं?" त्याला उत्तर म्हणून त्यांच्या बाजूनं चर खोदून दिला. कडुनिंब माझ्या अंगाला, त्यांच्या अंगाला सीताफळ आणि गिरीपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी. ही दोन्ही शेळ्या सहसा तोंडात धरत नाहीत. सुगी संपली की रानं मोकळी सुटतात, तेव्हा या गुणाची किंमत कळते. एका कोपऱ्यात चिंच लावली. चिंच, आंबा, जांभूळ, साग ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, स्वतःच्या शेतातली तोडायलाही परवानगी लागते. या धास्तीनं कितीतरी जण ती लावतच नाहीत.

लावणं पावसाळ्यातलं काम, ते होतं. पण दसरा झाला की आमचं निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि रोपं तहानतात माघ-फाल्गुनात. त्यामुळे प्रत्येक कडुनिंबाजवळ पाझरणारा मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरला आणि वर परात झाकली. माठ भरून ठेवला की मुळाशी ओल टिकते. बुडाला तुरीच्या काड्यांचं आच्छादन. तरी रोपं मेली, त्या जागी पुन्हा लावली.

बोरीला मात्र पाणीच घातलं नाही. बांधावर गावठी बोरी होत्याच, मुळ्या खोल गेलेल्या. उन्हाळ्यात त्या बुडापासून छाटल्या. नवे फुटवे पेन्सिलीएवढे झाल्यावर पावसाच्या तोंडाला डोळे भरले, म्हणजे चांगल्या जातीच्या बोरीचा डोळा काढून त्यांच्यावर कलम केलं. सालीत इंग्रजी टीसारखा काप घ्यायचा, साल सहज सुटली पाहिजे, तिच्याखाली उमराण जातीच्या बोरीचा डोळा सरकवायचा आणि डोळ्याचं तोंड उघडं ठेवून प्लॅस्टिकच्या पट्टीनं आवळून बांधायचं. मी हे एका म्हाताऱ्या माळ्याकडून शिकलो. तो चाकू दातात धरून काम करायचा.

मोजणीला एक पोरगा टेप घेऊन आला. जमिनीपासून सुमारे 1.3 मीटरवर खोडाचा घेर घ्यायचा, त्यावरून सूत्रानं झाडाचं वाळलेलं वजन काढायचं. त्यातला जवळजवळ निम्मा कार्बन. समजा, वाळलेलं वजन 100 किलो निघालं तर कार्बन सुमारे 47 किलो. हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्या 3.67 पट, म्हणजे 172 किलो. क्रेडिट, म्हणजे हा हिशेब विकायचं एकक, मिळतं एक टन कार्बन डायऑक्साइडला. तशी सहा झाडं मिळून एक क्रेडिट. माझी रोपं तर टेपच्या उंचीलाही पोचलेली नव्हती, त्यांची फक्त गणती झाली.

विहिरीजवळच्या वडिलांच्या कडुनिंबाला मी त्याला घेऊन गेलो. टेप अपुरी पडली. "काका, हे धरता येत नाही. हे आधीपासूनचं आहे." त्याचं बरोबर होतं. पैसे नव्यानं साठणाऱ्या कार्बनचे असतात. पण बांधावरचा आज साठलेला कार्बन आहे तो या जुन्या खोडांत, आणि वखारीवाला ट्रक घेऊन फिरतो तोही त्यांच्यासाठीच. भट्टीत गेलं की सगळं परत हवेत. तोडू नये म्हणून मला कोणी दमडी देत नाही. 2014 साली कृषिवनीकरणाचं राष्ट्रीय धोरण आणणारा आपला देश जगात पहिला. पण उभं झाड उभं ठेवण्याचा मोबदला अजून माझ्या बांधापर्यंत आलेला नाही.

क्रेडिटचे पैसे पडताळणीनंतर येतील, अजून यायचेत. दरम्यान उंदीरमारीचा पाला मी तुरीच्या ओळीत टाकतोय, युरियाचं एखादं पोतं कमी लागतंय. युरियातून जमिनीत तयार होणारा नायट्रस ऑक्साइड वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 270 पट उष्णता धरतो, म्हणजे ही बचतही त्याच खात्यातली, फक्त माझ्या करारात तिची ओळ नाही.

तुम्ही सही करणार असाल तर तीन कलमं नीट बघा : झाड वाळलं किंवा वीज पडून गेलं तर भरपाई कोण देणार, जमीन विकली तर करार कोणाकडे जाणार, आणि छाटणीचा हक्क कोणाचा. शेवटचं कलम मी हातानं लिहून घातलं. दरवर्षी फांद्या उतरवल्या नाहीत तर तात्या बांध ठेवणार नाहीत.